सतरा तारखेची सही

बेचाळीस किलोमीटर चालायचं, तेही बारा तासांच्या आत, अशी टूम शहराच्या क्रीडा मंडळाने काढली. प्रत्येक वसाहतीने चार जणांचा संघ द्यायचा, चौघांनी शेवटची रेघ बरोबरीने ओलांडायची, एक जरी गळाला तरी संघ बाद. वाटेचे शेवटचे अकरा किलोमीटर पाण्याच्या पाइपलाइनच्या कडेने होते. एवढं वाचलं आणि बेकरीवाल्याने पिठाचे हात झटकले. म्हणाला, झालं, आपण जिंकल्यात जमा. आपल्याकडे लाइनकाका आहेत.

लाइनकाका म्हणजे पाणीपुरवठा खात्यातून सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांचं काम एकच होतं. सकाळी सात वाजता शहरातल्या टाकीपासून निघायचं आणि पाइपलाइनच्या कडेकडेने अकरा किलोमीटर चालत धरणाजवळच्या पंपघरापर्यंत जायचं. वाटेत अकरा चेंबर. प्रत्येक चेंबरचं झाकण उघडायचं, व्हॉल्व्ह पाहायचा, लोखंडी कांबीचं एक टोक पाइपावर आणि दुसरं कानाला लावून कुठे गळतीचा आवाज येतो का ते ऐकायचं, आणि तिथल्या पत्र्याच्या पेटीतल्या कार्डावर तारीख, वेळ आणि सही टाकायची. दुपारी खात्याच्या गाडीने परत यायचं. असं एकोणतीस वर्षं.

संघात बेकरीवाला होता, काका होते, गणित शिकवून निवृत्त झालेले मास्तर होते आणि चौथी काकांची लेक. ती औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. आई गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. बापाचं कौतुक ती तोंडावर कधी करायची नाही, पण दुकानात कुणी गुडघ्याचं मलम मागितलं की सांगायची, आमचे बाबा एकोणतीस वर्षं चाललेत, त्यांनी कधी लावलं नाही.

मास्तरांना आकडा दिसला की गप्प बसवत नसे. त्यांनी बेकरीच्या कागदी पिशवीवर वर्षाचे कामाचे दिवस तीनशे धरले, त्यांना अकराने गुणलं, मग एकोणतीसने गुणलं. पंच्याण्णव हजार सातशे किलोमीटर. हा माणूस पृथ्वीला दोन वळसे घालून तिसऱ्यालाही लागलाय, असं त्यांनी जाहीर केलं, आणि आपण दुधाच्या पिशवीला स्कूटर काढतो. बेकरीवाल्याने तेच उचललं. चौघांसाठी पिवळे शर्ट शिवून घेतले, पाठीवर छापून घेतलं: पृथ्वीचे दोन वळसे. क्रीडा मंडळाच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनीही ठरवलं की निघताना झेंडा काकांच्याच हातून दाखवायचा.

काका नको नको म्हणाले. लोकांना तो विनय वाटला. माणूस एकदा मोठा ठरला की त्याचं नाकारणंही त्याच्याच खात्यावर जमा होतं.

खरं काय ते काकांना ठाऊक होतं. पहिली वीस वर्षं ते चालले, त्यात काडीची खोट नव्हती. अकरा झाकणं उघडून, ऐकून, पंपघराला पोचायला साडेचार-पावणेपाच तास लागायचे. मग एकदा ताप अंगात होता म्हणून ते टाकीवर सही करून सकाळच्या गाडीत बसले आणि थेट पंपघर गाठलं. कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ताप नव्हता, पण गाडी होती. तिसऱ्या दिवसापासून सवय झाली. पंपावरचा ऑपरेटर पत्त्यांचा शौकीन, त्याला भिडू हवाच होता. महिन्यातून एकदा, पहिल्या आठवड्यात, काका कुणाची तरी सायकल मागून घ्यायचे. हमरस्त्यावरून एकेका चेंबरला आत शिरायचं आणि कार्डावर सबंध महिन्याच्या तारखा, वेळा, सह्या एका बैठकीत भरून टाकायच्या. वेळा थोड्या पुढेमागे, शाई दोन रंगांची. एवढी अक्कल त्यांनी चालण्यात लावली असती तर बरं झालं असतं.

असं नऊ वर्षं चाललं. त्यात लाइन दोनदा फुटली. गाव दोन-दोन दिवस बादल्या घेऊन टँकरमागे धावलं, आणि काकाही बादली घेऊन रांगेत उभे राहिले. रांगेतल्या लोकांनी खात्याला शिव्या घातल्या, त्यांनीही दोन घातल्या.

पण याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. आळशी माणसाने निदान बढाई मारू नये. पंपघरातल्या रजिस्टरात पोचल्याची वेळ लिहायची असे. काकांनी सुरुवातीला पावणेबारा लिहिलं, मग सव्वाअकरा. बसून बसून माणसाला काहीतरी करून दाखवावंसं वाटतं. साडेदहा झाले. शेवटच्या पाच वर्षांत रोज पावणेदहा. सात ते पावणेदहा, अकरा चेंबरसकट. मोठ्या साहेबांनी रजिस्टर पाहून त्यांना उत्कृष्ट सेवेचं प्रमाणपत्र दिलं. ते अजून बाहेरच्या खोलीत लटकत होतं, आणि लेक दर शनिवारी त्याची काच पुसायची.

सराव सुरू झाला. बेकरीच्या भिंतीवर सहा आठवड्यांचा तक्ता लागला. पहिल्या रविवारी फक्त सहा किलोमीटर. केळी, उकडलेली अंडी, मीठ-साखरेचं पाणी, जाड मोजे, सगळा लवाजमा. पाचव्या किलोमीटरला काकांच्या टाचेला लिंबाएवढा फोड आला. बेकरीवाल्याने तो पाहिला, थोडा विचार केला आणि निकाल दिला की दोष बुटांचा आहे. मास्तर म्हणाले, पृथ्वीचे दोन वळसे मारलेल्या टाचेला आता तिसरा मानवत नाही. सगळे हसले. काकाही हसले, आणि घरी येऊन बाथरूमची कडी लावून टाच पाण्यात धरून बसले. लेकीने बाहेरून मलम सरकवलं.

दुसऱ्या आठवड्यात, एका संध्याकाळी, दारात एक बाई उभी राहिली. पस्तिशीची, उंच, उन्हाने रापलेली, पायात खात्याचे बूट, हातात ती कांब. काकांच्या जागेवर आलेली नवी लाइनवाली. सहा वर्षं झाली तरी खात्यात तिला नवीच म्हणायचे. बेकरीवाला आणि मास्तर बेकरीतला तक्ता आणून तिथेच बसलेले होते.

ती खुर्चीच्या कडेवर टेकली आणि सांगू लागली. नवे साहेब आले होते. त्यांनी जुनी रजिस्टरं काढली. काकांची वेळ पावणेतीन तास, तिची पावणेपाच. साहेब म्हणाले, साठीला आलेला माणूस जे करत होता ते तुला का होत नाही? तू वाटेत झोपतेस काय? महिनाअखेरपर्यंत वेळ पावणेतीनवर आली नाही तर लाइन दुसऱ्याला. दोन पोरं आणि अंथरुणाला खिळलेली सासू तिच्या एकटीच्या पगारावर होती, पण ते तिने सांगितलं नाही, नंतर कळलं. ती एवढंच म्हणाली, "मी पळतेय हो काका. खरंच पळते. तरी चारच्या खाली येत नाही. तुमची काही युक्ती असेल तर सांगा. मी कुणाला सांगायची नाही."

खोलीत तिघं काकांकडे बघत होते. लेक स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी राहिली होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला अभिमान याशिवाय दुसरा शब्द नाही.

त्या क्षणी काका खरं बोलू शकले असते. तोंड उघडलंही. बाहेर आलं ते असं की पावलं लहान टाकायची, झपझप. वाटेत बसायचं नाही. आणि पाणी कमी प्यायचं, पाणी पोटात गेलं की माणूस जड होतो. तिने मान हलवत सगळं ऐकून घेतलं. शेवटचं तर बोटांवर मोजून घेतलं. बेकरीवाल्याने तक्त्याच्या कडेला लिहूनही ठेवलं, आणि मास्तरांनी त्याला दटावलं की आपल्याला हे लागू नाही, आपण सामान्य माणसं.

त्यानंतर काका स्वतःला समजावत होते की ती शहाणी आहे, पाणी पिईलच. माणूस स्वतःला समजावताना किती गोड बोलतो.

चौथ्या रविवारी पहिल्यांदा पाइपलाइनची वाट धरायची होती. काकांनी पुढे व्हायचं हे न सांगता ठरलेलं. टाकीपासून निघाले. पहिला चेंबर, दुसरा, तिसरा. काका सांगत होते, इथे पूर्वी बांबूचं बन होतं, इथे साप निघाला होता. हे सगळं खरं होतं, त्या पहिल्या वीस वर्षांतलं. बोलता बोलता त्यांना जरा बरंही वाटू लागलं. तिसऱ्यानंतर वाट उजवीकडे वळत होती. काका म्हणाले, वळायचं नाही, वळसा पडतो, सरळ चला, खालून जवळची वाट आहे. तिघं त्यांच्या मागे झुडपांत शिरले. शंभर पावलांवर समोर तारेचं उंच कुंपण आणि त्यापलीकडे दगडाची खाण, तीन माणसं खोल.

बेकरीवाला म्हणाला, हे नवीन झालेलं दिसतंय. काका म्हणाले, हो, नवीनच. मास्तरांनी खांबाला हात लावला. खांब गंजून वेलींनी गुंडाळलेला होता; वेलीचं खोड मनगटाएवढं. मास्तर काही बोलले नाहीत. गणिताच्या माणसाचं हेच वाईट, तो बोलत नाही तेव्हाही मनात काहीतरी मांडत असतो.

वळसा घालून चौथ्या चेंबरपाशी आले, तर नवी लाइनवाली तिथे झाकणाला पाठ टेकून बसलेली. रविवारीही तिची फेरी असे. ओठ पांढरे, डोळे मिटलेले. लेक धावली. तिची नाडी धरली, डोकं मांडीवर घेतलं, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. दहा मिनिटांनी ती सावरली आणि ओशाळून म्हणाली की काही नाही, जरा भोवळ आली. सकाळपासून पाणी घेतलं नव्हतं. काकांनी सांगितलं होतं ना.

लेकीने बापाकडे पाहिलं. औषधाच्या दुकानात दहा वर्षं काढलेल्या पोरीला उन्हात चालणाऱ्याने पाणी प्यायचं की नाही हे कुणी शिकवायला नको होतं. त्या संध्याकाळी तिने तो सल्ला ऐकला होता आणि बाबा म्हणतात म्हणजे असेल म्हणून गप्प बसली होती.

मास्तरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, की बाई, ते खालचं कुंपण कधीचं? लाइनवाली म्हणाली, मी लागले त्याच्या दोन वर्षं आधीचं. आठ तरी झाली असतील. बेकरीवाला अंड्याचं टरफल काढत होता, त्याचा हात थांबला. बाईला मात्र काहीच उमगलं नव्हतं. उलट काकांना बरं वाटावं म्हणून तिने पेटी उघडली आणि तळातून सुतळीने बांधलेला कार्डांचा गठ्ठा काढला. ऑफिसातून कुणी न्यायला येत नाही, म्हणाली. सगळ्या काकांच्या सह्या आहेत, टाकवल्या नाहीत.

गठ्ठा लेकीच्या हाती गेला. ती एकेक कार्ड उलटू लागली. काकांना ठाऊक होतं ती काय शोधतेय, आणि तिलाही बहुधा हातात आल्यावरच कळलं. सात वर्षांपूर्वीचं, ज्या महिन्यात तिची आई गेली तो महिना. ती सतरा तारखेला गेली, सकाळी. कार्डावर सतरा तारीख होती. वेळ आठ वाजून दहा मिनिटं. खाली सही, ठसठशीत, शेपटीसकट. सोळा, अठरा, एकोणीस, सगळ्या.

लेकीने कार्ड गठ्ठ्यात परत ठेवलं, सुतळी बांधली, गाठ पक्की केली. म्हणाली, आज इथूनच मागे फिरू, हिला घरी पोचवायला हवं.

घरी आल्यावर तिने बूट काढले, हातपाय धुतले, आणि ओल्या हातांनीच समोर येऊन बसली.

"त्या दिवशी तुम्ही आईपाशी होता," ती म्हणाली. "मी तुमच्या शेजारी होते. आठ दहाला तुम्ही तिचा हात धरला होता. का मलाच चुकीचं आठवतंय?"

"होतो," काका म्हणाले.

"मग ती सही कुणी केली?"

काकांनी सांगितलं. ताप, गाडी, पत्ते, सायकल, दोन रंगांची शाई, पावणेदहा. सांगताना त्यांना वाटलं होतं की मध्येच ती रडेल किंवा ओरडेल, म्हणजे त्यांना थांबता येईल. ती काहीच करत नव्हती. गिऱ्हाइकाची चिठ्ठी वाचावी तशी ऐकत होती. त्यामुळे सगळं शेवटपर्यंत सांगावं लागलं.

शेवटी ती म्हणाली, "आणि ती बाई तुमच्या दारात आली तेव्हा तुम्ही तिला पाणी पिऊ नको म्हणालात."

नऊ वर्षांच्या पत्त्यांना त्यांनी मनात शंभर सबबी लावल्या होत्या, गुडघे, उन्हं, सगळेच करतात. या एका वाक्याला एकही लागेना.

दुसऱ्या दिवशी ते खात्यात गेले. लेकीने जा म्हटलं नव्हतं, जाऊ नका असंही नाही. साहेब त्यांना ओळखत होते, झेंडा दाखवणारे म्हणून. खुर्ची दिली, चहा मागवला. काकांनी उभ्यानेच सांगितलं. साहेबांनी ऐकलं, आणि काकांनी वाटेभर ज्याची तयारी केली होती त्यातलं काहीच झालं नाही. साहेब हसले. म्हणाले, काका, झालं गेलं गंगेला मिळालं. त्या काळात कोण चालत होतं? आमच्या आधीचे साहेब तरी कुठे धरणापर्यंत गेले होते? तुम्ही निवांत झेंडा दाखवा.

माफी इतकी स्वस्त मिळाली की काकांना आणखीच लाज वाटली. ते म्हणाले, मग त्या बाईला पावणेतीन तास म्हणून का धरता? साहेबांचं हसू जरा आटलं. तो वेगळा विषय आहे, ते म्हणाले. रजिस्टर म्हणजे रेकॉर्ड. रेकॉर्ड चूक असल्याचं कुणी लेखी दिलेलं नाही.

"कागद द्या," काका म्हणाले.

साहेबांनी समजावून पाहिलं. लिहून दिलंत तर वर पाठवावं लागेल, प्रमाणपत्र परत मागतील, गावभर होईल, या वयात कशाला. पहिल्या कागदावर शाई सांडली, दुसरा घ्यावा लागला. आठ ओळी लिहिल्या. नऊ वर्षं मी लाइनीवर चाललो नाही. रजिस्टरातल्या वेळा मी मनाच्या लिहिल्या. लाइन दोनदा फुटली त्याची गळती मी ऐकायला हवी होती, ऐकली नाही. आठव्या ओळीत लिहिलं की खरी फेरी पावणेपाच तासांची आहे. साहेब ती ओळ वाचून म्हणाले, हे तरी मी कशावरून खरं मानू? तुम्हीच सांगताय, तुमचं लिहिलेलं खोटं असतं म्हणून.

बोलणं कडू होतं, पण चूक नव्हतं.

म्हणून बुधवारी खात्याचा सुपरवायझर घड्याळ घेऊन आला आणि काका नव्या लाइनवालीबरोबर टाकीपासून निघाले. तिला तोवर सगळं कळलं होतं. तिने त्यांना काका म्हणून हाक मारली नाही, कुठलीच हाक मारली नाही. पण दुसऱ्या चेंबरपाशी स्वतः पाणी प्यायली आणि बाटली त्यांच्यापुढे धरली, न बघता. काकांनी घेतली. झाकणं ती उघडत होती, कांब काकांनी कानाला लावली. सातव्या चेंबरला त्यांना बारीक सूं ऐकू आलं; तिने ऐकलं, मान हलवली, म्हणाली की हे महिन्यापासून आहे, अर्ज दिलाय, साहेब म्हणाले आधी वेळ सुधार. सुपरवायझरने हे लिहून घ्यायचं टाळलं, मग दोघंही त्याच्याकडे बघत उभे राहिले तेव्हा लिहिलं. नवव्यानंतर काकांचा गुडघा साथ देईना. ती थांबली नाही, पण पावलं आवरली. पंपघराला पोचले तेव्हा पाच तास पाच मिनिटं झाली होती. सुपरवायझर म्हणाला, यात तुमच्या लंगडण्याची वीस मिनिटं वजा करू. वजा केली. पावणेपाच.

तिची बदली तूर्त थांबली. तूर्त हा शब्द साहेबांनी मुद्दाम दोनदा उच्चारला.

मग उरले शेजारी. काका सकाळी बेकरीत गेले. बेकरीवाला कणकेचे गोळे तोलत होता. त्याने ऐकताना एकही गोळा कमीजास्त होऊ दिला नाही. शेवटी एवढंच म्हणाला की मास्तरांना तुम्हीच सांगा, माझ्याने सांगवणार नाही. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि सवयीने पेन्सिल काढली. वीस गुणिले तीन हजार तीनशे. सहासष्ट हजार. दीड वळसा तरी होतोच, ते म्हणाले, वर थोडे उरतात. ते चेष्टा करत नव्हते, खरोखर काहीतरी हाती लागतंय का बघत होते. काकांना वाटलं, यापेक्षा त्यांनी थोबाडीत दिली असती तर बरं.

क्रीडा मंडळाला काकांनी स्वतःच निरोप धाडला की झेंडा दुसऱ्या कुणाला द्या. शर्ट बेकरीवाल्याने उलटे करून पुन्हा शिवून आणले. बाहेरून नुसते पिवळे, आतून अक्षरं पाठीला घासायची. काकांनी सुचवलं की माझी जागा लाइनवालीला द्या, ती खरी चालणारी आहे. बेकरीवाला तिला विचारायला गेला आणि तोंड पाडून परत आला. ती म्हणाली होती, आठवड्याचे सातही दिवस मी अकरा-अकरा चालते, वर हौसेने बेचाळीस? एक दिवस रजा मिळाली तर मला झोपू द्या.

थोडक्यात, काकांना तोंड लपवायलाही जागा राहिली नाही. तीन जणांचा संघ चालत नव्हता. चालावंच लागणार होतं, ज्यांना सगळं ठाऊक आहे त्यांच्याबरोबर.

शेवटच्या रविवारी तीस किलोमीटरचा सराव होता. बेकरीवाला आणि मास्तर पुढे निघून गेले. पूर्वी ते काकांच्या मागे असायचे. लेक मात्र काकांच्या दोन पावलं पुढे, ना बरोबर ना दूर. या दोन आठवड्यांत ती जेवायला वाढत होती, मलम देत होती, कामापुरतं बोलत होती. प्रमाणपत्र भिंतीवरून कधी उतरलं ते काकांना कळलं नाही. कुठे ठेवलं हेही त्यांनी विचारलं नाही.

विसाव्या किलोमीटरच्या सुमाराला, एका लांबलचक गोदामाच्या भिंतीच्या सावलीत, तिने मागे न बघता विचारलं, "त्या दिवशी, आईचा हात धरलात तेव्हा, तुमच्या मनात काय होतं?"

काका म्हणू शकले असते की तुझी आई होती. ते खरंच होतं, बहुतेक. लेकीलाही तेच हवं असावं. तेवढं मिळालं असतं तर बाकीचं हळूहळू झाकलं गेलं असतं. काका बरंच अंतर चालले आणि मग म्हणाले, "तीच होती. पण मध्ये एकदा मनात आलं की या महिन्याच्या सह्या करून झाल्यात, तेवढी काळजी नाही. बरं वाटलं मला. तिचा हात हातात होता आणि मला बरं वाटलं."

लेक थांबली. भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पुढचे दोघे वळणावर दिसेनासे झाले. काकाही थांबले, दोन पावलं मागे, आणि पुढे जावं की तिथेच राहावं हे त्यांना कळेना, कारण हे त्यांना आजवर कधी कुणी शिकवलं नव्हतं आणि आता विचारायलाही कुणी नव्हतं. एक ट्रक धूळ उडवत गेला. तिने ओढणीने तोंड पुसलं.

"हे मला सांगायला नको होतं," ती म्हणाली.

"हो."

"पण आता सांगितलंत." तिने बाटली उघडली, पाणी प्यायली, टोपण लावलं. "चला. अजून दहा आहेत. गुडघा दुखला तर दुखतोय म्हणा, खोटं चालू नका."

"दुखतोय," काका म्हणाले.

ती हळू चालू लागली. काका तिच्या मागे.